टर्मिनलमध्ये दुसऱ्याच यंत्राचं नाव का दिसतं आणि ते कायमचं कसं बदलायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवा मॅकबुक घेतला. घरी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडलं की ‘@’ या चिन्हापुढे आपल्याच मॅकबुकचं नाव दिसतं, पण ऑफिसच्या वायफायवर गेलं की तिथे ‘अमोल-डेल’ असं कुणा तिसऱ्याच माणसाच्या लॅपटॉपचं नाव येतं. मशीन हॅक झालंय का? आणि नाव कायमचं एकच कसं करायचं? शिवाय दुसरी अडचण: एका उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरचं नाव बदलल्यापासून प्रत्येक सुडो आज्ञेला, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवलेल्या आज्ञेला, थोडा वेळ लागतो आणि ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ (यंत्राच्या नावाचा पत्ता सापडत नाही) अशी ओळ येते. ती का?

हॅक झालेलं नाही, हे आधी सांगते. तुमच्या मॅकला पक्कं होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवर ओळखलं जाणारं यंत्राचं नाव, कुणी दिलेलंच नाही. ते कोरं असलं की मॅक ज्या नेटवर्कवर जाईल तिथेच आपलं नाव विचारतो आणि मिळालेलं उत्तर स्वतःला लावून घेतो. घरच्या राउटरला याबद्दल काही ठाऊक नसतं, म्हणून तिथे तुमचं नाव टिकतं. ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावं आणि पत्ते यांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेला, ठाऊक असतं, पण ते शिळं असतं.

नेमकं काय घडतं ते बघा. ऑफिसात पोचल्यावर डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून, तुम्हाला एक आयपी पत्ता मिळतो. समजा १०.२०.५.४१. कधीतरी हाच पत्ता अमोलच्या डेल लॅपटॉपकडे होता, आणि तेव्हा डीएनएसमध्ये ‘१०.२०.५.४१ म्हणजे अमोल-डेल’ अशी उलटी नोंद झाली. लॅपटॉप गेला, पत्ता मोकळा झाला, नोंद मात्र कुणी पुसली नाही. आता तो पत्ता तुमच्याकडे आला. मॅकने विचारलं, ‘या पत्त्याचं नाव काय?’ सर्व्हरने जुन्या नोंदीवरून सांगितलं, ‘अमोल-डेल’. मॅकने ते मान्य केलं. यात अमोलचा काही हात नाही आणि तुमच्या फाइलींना कुणी हातही लावलेला नाही. खात्री करायची असेल तर ऑफिसच्या नेटवर्कवर असताना ‘डिग’ ही आज्ञा ‘-एक्स’ आणि स्वतःचा आयपी पत्ता देऊन चालवा. उत्तरात तेच नाव दिसेल.

आता बदलायचं कसं. पुढे मी आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत लिहायच्या, आणि कॅपिटल अक्षरं सांगितली आहेत तिथे ती पाळायची.

मॅकला एक नाही, तीन नावं असतात, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पहिलं ‘कॉम्प्युटरनेम’. हे माणसांसाठी. एअरड्रॉपमध्ये, फाइंडरमध्ये दिसतं. त्यात मोकळी जागा चालते, अ‍ॅपॉस्ट्रॉफी चालतो, देवनागरीही चालते. दुसरं ‘लोकलहोस्टनेम’. हे त्याच नेटवर्कवरच्या इतर यंत्रांना तुमचा मॅक सापडावा म्हणून असतं, आणि त्याच्या शेवटी ‘.लोकल’ लागतं. इथे फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ. एकाच नेटवर्कवर दोन यंत्रांचं हे नाव सारखं निघालं तर मॅक आपणहून पुढे ‘-२’ जोडतो. अचानक नावामागे आकडा दिसायला लागला तर कारण बहुधा हेच. तिसरं म्हणजे साधं ‘होस्टनेम’. टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागेआधी दिसणाऱ्या मजकुरात, लावलेलं असेल तर हेच दिसतं, आणि नव्या मॅकवर हेच कोरं असतं.

व्हेंचुरा आल्यापासून, म्हणजे २०२२ पासून, सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ‘अबाउट’मध्ये पहिलं नाव बदलता येतं, आणि ‘जनरल’खालच्याच ‘शेअरिंग’मध्ये अगदी तळाशी दुसरं. तिसऱ्यासाठी तिथे जागाच नाही. म्हणून लोक सेटिंग्जमध्ये नाव बदलतात, घरी टर्मिनल उघडून बघतात, नवं नाव दिसतं, समाधान होतं; आणि सोमवारी ऑफिसात पुन्हा अमोल. घरी दिसलं ते तिसरं नाव नव्हतंच. तिसरं कोरं असलं की मॅक आधी डीएचसीपीने काही नाव दिलंय का बघतो, मग आयपी पत्त्यावरून डीएनएसला विचारतो, आणि दोन्हीकडून काही मिळालं नाही तर शेवटी लोकलहोस्टनेम वापरतो. घरी तो शेवटच्या पायरीवर थांबला होता, एवढंच.

तेव्हा तिसरं नाव पक्कं करा. आज्ञेचं नाव ‘स्कुटिल’: एस, सी, यू, टी, आय, एल, सगळी अक्षरं लहान. आधी सद्यस्थिती बघा: ‘स्कुटिल’, जागा, दोन आडव्या रेघा आणि लगेच ‘गेट’, जागा, ‘होस्टनेम’. यात ‘होस्टनेम’चा एच आणि एन कॅपिटल, मध्ये जागा नाही. ‘नॉट सेट’ असं उत्तर आलं तर वर सांगितलेलं सगळं तुम्हाला लागू आहे. मग तीच आज्ञा पुढे ‘सुडो’ लावून, ‘गेट’च्या जागी ‘सेट’ करून, आणि शेवटी हवं ते नाव लिहून द्या. पासवर्ड विचारला जाईल; टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं, टाइप करून एंटर दाबा. याच पद्धतीने ‘लोकलहोस्टनेम’ (एल, एच, एन कॅपिटल) आणि ‘कॉम्प्युटरनेम’ (सी, एन कॅपिटल) हीसुद्धा लावता येतात. माझा आग्रह असा की तिन्ही एकाच बैठकीत लावा आणि निदान शेवटची दोन, होस्टनेम आणि लोकलहोस्टनेम, सारखी ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरायची सोय) जोडताना कुठलं नाव चालतं हे आठवत बसावं लागतं.

मशीन रीस्टार्ट करायची गरज नाही. पण समोर उघडी असलेली खिडकी जुनंच नाव दाखवत राहील, आणि इथे बऱ्याच जणांना वाटतं की आज्ञा चाललीच नाही. ती चाललेली असते. शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, सुरू होतानाच नाव वाचून ठेवतं आणि प्रॉम्प्टमध्ये तेच दाखवत राहतं. नवी टॅब उघडा, नवं नाव दिसेल. लिनक्सवरच्या बॅश या शेलचंही असंच आहे. टीमक्स (एका टर्मिनलचे अनेक भाग करून ते चालू ठेवणारा प्रोग्राम) याच्या जुन्या पेनमध्ये, म्हणजे भागात, तर आठवडाभर जुनं नाव राहू शकतं, कारण ते शेल बंदच झालेलं नसतं. आहे त्याच खिडकीत हवं असेल तर ‘एक्झेक झेडएसएच’ (मॅकवर) किंवा ‘एक्झेक बॅश’ (लिनक्सवर) चालवा. त्याच जागी नवं शेल सुरू होतं.

लॅपटॉप कंपनीने दिलेला असेल तर मात्र आधी आयटी विभागाला विचारा. कंपन्या मॅक दूरवरून सांभाळणारी यंत्रणा वापरतात, तिला यंत्राचं नाव ठरवता येतं, आणि त्यांच्या मालमत्तेच्या यादीत तेच नाव असतं. तुम्ही बदललं तरी ती यंत्रणा परत जुनं बसवेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे बसवणार नाही आणि तुमचं मशीन यादीत बेपत्ता दिसेल.

काही जण सुचवतील की एवढं कशाला, प्रॉम्प्टच बदला. प्रॉम्प्ट बदलता येतो हे खरं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून झेडएसएच हे नेहमीचं शेल आहे आणि त्याच्या प्रॉम्प्टच्या साच्यात टक्क्याचं चिन्ह आणि लहान एम यांच्या जागी होस्टनेम येतं, पहिल्या टिंबापर्यंतचं. मोठा एम दिला तर पूर्ण नाव. बॅशमध्ये हेच काम उलटी तिरकी रेघ आणि लहान एच करतात. होम फोल्डरमधल्या ‘.झेडएसएचआरसी’ फाइलीत साचा बदलून तिथे हवा तो शब्द घालता येतो. पण दारावरची पाटी बदलली म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. लॉगमध्ये, राउटरच्या यादीत, बॅकअपच्या फोल्डरवर जुनंच नाव जात राहील, आणि समोर दिसतं ते एक, नोंद होते ती दुसरी, असा फरक पडेल.

माझं याबद्दल ठाम मत आहे. प्रॉम्प्टमधलं नाव ही सजावट नाही. एकाच वेळी चार सर्व्हरवर एसएसएचने शिरलेला माणूस एंटर दाबण्याआधी एका नजरेत काय बघतो? आपण कुठल्या यंत्रावर आहोत ते. डेटाबेस पुसायची आज्ञा चाचणीच्या सर्व्हरवर द्यायची होती आणि खऱ्यावर दिली गेली, अशा घटनांमध्ये दोन्ही यंत्रांचे प्रॉम्प्ट सारखे दिसत होते, हे कारण पुन्हा पुन्हा सापडतं. म्हणून तिथे खरं नाव असावं. प्रॉम्प्टचा साचा बदलायचाच असेल तर खऱ्या सर्व्हरवर त्या नावाला लाल रंग द्या, चाचणीच्या सर्व्हरवर हिरवा. शिकवणीचा व्हिडिओ करताना किंवा स्क्रीनशॉट बाहेर देताना नाव लपवायचं असेल तरी साचा बदलणं रास्त आहे. तेवढ्यापुरतं ‘%’ आणि एम काढून टाका.

नाव काय ठेवावं? नियम थोडे आहेत: इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. अंडरस्कोर नको, मोकळी जागा नको. दोन टिंबांमधला एक भाग ६३ अक्षरांपर्यंत जाऊ शकतो, लिनक्सवर पूर्ण होस्टनेमची मर्यादा ६४. लहान-मोठ्या अक्षरांत डीएनएस फरक करत नाही, म्हणून सगळं लहान लिपीतच ठेवा. १९९० मध्ये निघालेली आरएफसी ११७८ ही, इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांच्या मालिकेतली, छोटी टिपणी याच विषयावर आहे आणि आजही वाचण्यासारखी आहे: स्वतःचं नाव देऊ नका, प्रकल्पाचं देऊ नका कारण प्रकल्प संपतो आणि यंत्र दुसऱ्या कामाला लागतं, आठ अक्षरांहून लांब नाव लोकांना त्रासदायक होतं, आणि ज्याचं स्पेलिंग दोन तऱ्हेने होऊ शकतं असं नाव टाळा.

हा शेवटचा मुद्दा आपल्याला जास्त लागू होतो. यंत्रांना किल्ल्यांची नावं देणं मला मनापासून आवडतं. नावं भरपूर आहेत, लक्षात राहतात, कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. पण ‘सिंहगड’ रोमनमध्ये कुणी एन घालून लिहितं, कुणी एम, कुणी मधला ए गाळतं. रात्री दोन वाजता फोनवर ‘सिंहगडवर लॉगिन कर’ असं सांगितल्यावर समोरच्याला तीन स्पेलिंग करून बघावी लागली तर नावाचा उपयोग काय? ‘तोरणा’, ‘रायगड’, ‘लोहगड’ यांत असा घोळ फारसा होत नाही. स्वतःचं नाव नको म्हणण्यामागे आज आणखी एक कारण आहे. आयपी पत्ता मागताना बरीच यंत्रं आपलं होस्टनेमही डीएचसीपीला कळवतात. म्हणजे कॅफेच्या किंवा लॉजच्या वायफायवर तुमचं पूर्ण नाव आणि लॅपटॉपचं मॉडेल त्यांच्या राउटरच्या यादीत जाऊन बसतं. ते तिथे असायचं कारण नाही.

आता तुमचा उबुंटू सर्व्हर. तिथलं नाव लिनक्सच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) असतं आणि यंत्र सुरू होताना ते ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘होस्टनेम’ या एका ओळीच्या फाइलीतून उचललं जातं. नुसती फाइल बदलली तर रीस्टार्ट होईपर्यंत काहीच दिसत नाही. नुसती ‘होस्टनेम नवंनाव’ अशी आज्ञा दिली तर लगेच दिसतं, पण रीस्टार्टनंतर उडून जातं. दोन्ही एकदम करणारी आज्ञा म्हणजे ‘होस्टनेमसीटीएल’, सलग एकच शब्द. त्यापुढे ‘सेट-होस्टनेम’ आणि नवं नाव. इथेही एक सजावटीचं नाव वेगळं ठेवता येतं. दोन रेघा आणि ‘प्रिटी’ असा पर्याय देऊन अवतरणात ‘हिशेब विभागाचा सर्व्हर’ असं चक्क मराठीत लिहा, चालतं. प्रॉम्प्टमध्ये ते येत नाही.

तुमची सुडोची तक्रार या फाइलीतून नाही, तिच्या शेजारच्या ‘होस्ट्स’ फाइलीतून येते. सुडोचे नियम यंत्रागणिक वेगळे असू शकतात, म्हणून तो आधी आपल्या यंत्राच्या नावाचा पत्ता शोधतो. डेबियन आणि उबुंटूवर ‘होस्ट्स’मध्ये १२७.०.१.१ या पत्त्यापुढे यंत्राचं नाव लिहिलेलं असतं. तुम्ही नाव बदललं, पण ही ओळ जुन्याच नावाची राहिली. मग सुडो नवं नाव डीएनएसला विचारतो, तिथे कुणाला ठाऊक नसतं, उत्तराची वाट बघण्यात वेळ जातो आणि शेवटी तक्रार छापली जाते. आज्ञा तरीही चालते, म्हणून लोक महिनोन्‌महिने तसंच चालवतात. त्या एका ओळीत जुन्याच्या जागी नवं नाव लिहा. तक्रार तिथल्या तिथे थांबेल. पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवा: आधी ‘होस्ट्स’मध्ये नव्या नावाची ओळ, मग होस्टनेमसीटीएल. १२७.०.०.१ ची ‘लोकलहोस्ट’वाली ओळ मात्र अजिबात हलवू नका.

सर्व्हर क्लाउडवर भाड्याने घेतलेला असेल तर आणखी एक गोष्ट. तिथे ‘क्लाउड-इनिट’ नावाची यंत्रणा सुरुवातीला नाव बसवते, आणि काही ठिकाणी रीस्टार्टनंतर तुमचं नाव पुसून आपलं परत लावते. ‘ईटीसी’मधल्या ‘क्लाउड’ फोल्डरात ‘क्लाउड.सीएफजी’ फाइल आहे. तिच्यात ‘प्रिझर्व्ह_होस्टनेम’ ची किंमत ‘ट्रू’ करा.

आणि सर्व्हरवर दुसरं काही चालू असेल तर नाव बदलण्याआधी थांबून विचार करा, कारण काही सॉफ्टवेअर होस्टनेमवरच आपली ओळख उभारतात. सर्वात घाबरवणारा अनुभव रॅबिटएमक्यूचा, म्हणजे प्रोग्रामांमधले संदेश रांगेत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्याच्या नोडचं (एका चालू प्रतीचं) नाव ‘रॅबिट@होस्टनेम’ असं असतं आणि डेटाचा फोल्डरही त्याच नावाचा. यंत्राचं नाव बदलून सेवा सुरू केली की तो नव्या नावाने नवा रिकामा फोल्डर बनवतो. सगळ्या रांगा, सगळे वापरकर्ते गायब झाल्यासारखे दिसतात. काहीही पुसलेलं नसतं. जुना फोल्डर तिथेच असतो, आणि जुनं नाव परत लावून सेवा चालू केली की सगळं परत दिसतं. त्या क्षणी घाईने पुन्हा इन्स्टॉल करू नका, एवढीच कळकळीची विनंती. अनेक यंत्रांवर मिळून सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कुबरनेटीजमध्येही नोडची (त्यातल्या एका यंत्राची) ओळख सहसा होस्टनेमवरून ठरते. नाव बदललं की जुना नोड मेलेला आणि नवा अनोळखी. तिथे नोड रीतसर बाहेर काढून, नाव बदलून, पुन्हा जोडणं हाच मार्ग. मेल सर्व्हर असेल तर पोस्टफिक्स या मेलच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधलं नाव तपासा. डेस्कटॉपवर लिनक्स असेल तर क्रोम ‘हे प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे’ असं म्हणून उघडायला नकार देऊ शकतं, कारण त्याच्या कुलपाच्या फाइलीत जुनं होस्टनेम असतं. क्रोम पूर्ण बंद असल्याची खात्री करून प्रोफाइलच्या फोल्डरातली ‘सिंगलटनलॉक’ ही फाइल काढली की काम होतं.

डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालवायच्या वेगळ्या बंदिस्त डब्यात) शिरल्यावर प्रॉम्प्टमध्ये जे बारा अक्षरांचं अगम्य नाव दिसतं ती कंटेनरच्या आयडीची पहिली बारा अक्षरं आहेत. ते आतून बदलायला जाऊ नका, बहुधा परवानगीच मिळणार नाही. कंटेनर चालवतानाच दोन रेघा आणि ‘होस्टनेम’ हा पर्याय द्या. विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये नाव विंडोजकडून येतं. ते वेगळं हवं असेल तर लिनक्सच्या बाजूच्या ‘डब्ल्यूएसएल.कॉन्फ’ फाइलीत ‘नेटवर्क’ या विभागाखाली ‘होस्टनेम’ लिहा आणि विंडोजमधून ‘डब्ल्यूएसएल’ दोन रेघा ‘शटडाउन’ चालवून पुन्हा उघडा. खुद्द विंडोजचं नाव बदलायचं तर ते १५ अक्षरांच्या आत ठेवा, आणि तिथे मात्र रीस्टार्ट लागतोच.

एसएसएचची धास्ती बऱ्याच जणांना असते, ती नको. नाव बदलल्याने सर्व्हरच्या किंवा तुमच्या किल्ल्या (ओळख पटवणाऱ्या फाइली) बदलत नाहीत. तुमच्या सार्वजनिक किल्लीच्या शेवटी जुनं ‘वापरकर्ता@यंत्र’ दिसेल. तो निव्वळ शेरा आहे, त्यावर काही अवलंबून नाही, हवा तर टेक्स्ट एडिटरमध्ये बदला. दुसऱ्या यंत्रांवरून तुम्ही नव्या नावाने पहिल्यांदा जोडाल तेव्हा ‘हा होस्ट ओळखीचा नाही’ असा प्रश्न येईल. किल्लीचा ठसा जुन्याच ठशाशी जुळतो का ते बघा आणि जुळत असेल तर हो म्हणा. ज्यांनी आपल्या एसएसएचच्या ‘कॉन्फिग’ फाइलीत जुनं नाव लिहून ठेवलंय, त्यांना मात्र कळवा.